पाठीवर छापलेलं वय बाजूला ठेवा: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांसाठी कोणती पुस्तकं घ्यावीत

पुस्तकाच्या पाठीवर 'वयोगट ८ ते १०' असं छापलेलं असतं. पहिलीपासून मराठी माध्यमात शिकणारं, रोज मराठी पाट्या वाचत शाळेत जाणारं मूल डोळ्यांसमोर ठेवून तो आकडा ठरलेला असतो. आपल्याकडची कितीतरी मुलं घरात मराठी बोलतात आणि शाळेत इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. असा पाचवीतला मुलगा गोष्ट ऐकताना पाचवीचा असतो, मराठी वाचताना मात्र दुसरीचा. त्याच्या हातात 'वयोगट १० ते १२' दिलं की चार पानांत पुस्तक मिटतं आणि घरचे म्हणतात, ह्याला वाचनाची गोडीच नाही. उलट त्याला वाचता येतं म्हणून अगदी शिशुवर्गाचं पुस्तक दिलं, तर तो त्यात लाजतो. हे अंतर ओळखून पुस्तक घेतलं तर बरीचशी भांडणं मिटतात. म्हणून खालच्या शिफारशी इयत्तेनुसार लावलेल्या नाहीत, मूल मराठी किती सलग वाचतं त्यानुसार लावल्या आहेत.

दुकानातच करता येईल अशी परीक्षा सोपी आहे. पुस्तक मधोमध उघडा. पहिलं पान नको. पहिलं पान बहुतेक लेखक सोपं ठेवतात. साधारण शंभर शब्द मुलाकडून मोठ्यानं वाचवून घ्या आणि अडखळला की एक बोट दुमडा. शंभर शब्दांत एक-दोन बोटं दुमडली तर पुस्तक खुशाल घ्या. तीन-चार झाली तर घरी कुणीतरी शेजारी बसून वाचणार असेल तरच घ्या. पाचवं बोट दुमडलं की ते पुस्तक आज नको, सहा महिन्यांनी. वाचताना मुलाला थांबवून चूक दुरुस्त करू नका. दुकानात चारचौघांत चूक काढली की ते पुस्तक नकोसंच होतं.

अडखळतं कुठे तेही बघा. कन्नड माध्यमातली मुलं बहुधा जोडाक्षराशी थांबतात. कन्नडमध्ये दुसरं व्यंजन ओत्तक्षर होऊन खाली लागतं, मराठीत पहिलं व्यंजन अर्धं होऊन डावीकडे सरकतं. 'क्त', 'ध्य', 'स्त' वाचताना डोळ्याला उलट्या दिशेची सवय असते. रफार आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र हा त्याहून अवघड. इंग्रजी माध्यमातली मुलं काना-मात्रा वेलांटीत घोटाळतात, ऱ्हस्व-दीर्घाकडे त्यांचं लक्षच जात नाही. पहिल्या मुलाला कमी जोडाक्षरांची पुस्तकं महिना-दोन महिने पुरतात. दुसऱ्याला त्याहून जास्त काळ चित्रांची पुस्तकं लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता पुस्तकं. नुकतं वाचू लागलेल्या मुलासाठी ज्योत्स्ना प्रकाशनची, माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आधी घ्यावीत. 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच आहे. घरातली एकेक व्यक्ती, ती काय करते, कशी दिसते, एवढाच मजकूर. अक्षर मोठं, वाक्य छोटं, आणि चित्रात बघण्यासारखं भरपूर. मजकूर अडला तरी चित्रावरून मूल पुढे जातं. त्यानंतरची पायरी म्हणजे त्यांच्याच यशच्या गोष्टी. त्यांत वाक्यं लांब होतात आणि संवाद येतात. ही पुस्तकं पातळ असतात, आणि उभ्या उभ्या चाळणाऱ्या पालकांना वाटतं, पाच मिनिटांत संपणाऱ्या पुस्तकाला एवढे पैसे कशाला. मूल हे पुस्तक पंधरा-वीस वेळा वाचतं. तेवढ्याच पैशात मिळणारं जाडजूड '१०१ गोष्टी' कपाटात तसंच राहतं.

ज्यांना एवढंही परवडत नाही, किंवा खेड्यातल्या शाळेसाठी एकदम चाळीस पुस्तकं हवी आहेत, त्यांच्यासाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. गोष्टी फुकट उतरवता येतात आणि छापायलाही परवानगी आहे. सीमाभागासाठी त्याची मोठी सोय म्हणजे एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये, तीच चित्रं ठेवून, मिळते. आधी मराठीतली वाचून घ्यायची, दुसऱ्या दिवशी कन्नडमधली. गोष्ट माहीत असल्यामुळे दुसऱ्या भाषेतलं वाचन निम्मं सोपं होतं. मराठी माध्यमातल्या मुलांना कन्नडचा पेपर जड जातो, त्यांना ही पद्धत कुठल्याही गाइडापेक्षा उपयोगी पडते. कन्नड माध्यमातल्या मुलानं क्रम उलटा करावा.

तिथल्या गोष्टींना चार पातळ्या दिलेल्या असतात. पहिली साधारण अडीचशे शब्दांच्या आतली, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्यापुढची. पण पातळी शब्दसंख्येवर आहे, जोडाक्षरांवर नाही. शिवाय अनुवाद वेगवेगळ्या लोकांनी केलेले असल्यामुळे दर्जा सारखा नाही. काही गोष्टींची मराठी वाक्यं हिंदीच्या वळणानं जातात. छापण्याआधी मोठ्या माणसानं गोष्ट एकदा मोठ्यानं वाचावी. जीभ अडली तर ती गोष्ट सोडून पुढची घ्यावी, तिथे कमतरता नाही.

छपाईत गडबड इथे होते. उभ्या पानांचं पुस्तक असेल तर झेरॉक्सवाल्याला 'बुकलेट' पद्धतीनं, दोन्ही बाजूंनी, कागद आखूड कडेवर उलटेल असं छापायला सांगा. लांब कडेवर उलटलं तर मागची पानं उलटी येतात आणि सगळे कागद वाया जातात. म्हणून आधी एकच कागद छापून घडी घालून बघावी. ए-फोरच्या एका कागदावर चार पानं बसतात, म्हणजे सोळा पानांच्या गोष्टीला चार कागद. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं राहतात, त्यांवर मुलांना चित्र काढू द्या. आडव्या पानांचं पुस्तक मात्र बुकलेटमध्ये छापू नका, चित्रं चिंचोळी होतात. एका उभ्या कागदावर वर-खाली दोन पानं, एकाच बाजूला छापायची, मधोमध कापायची आणि डावीकडे पिना मारायच्या. सत्तर जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचा आकडा) कागदावर मागचं चित्र पुढे दिसतं. शंभर जीएसएम घेतला तर फरक लगेच कळतो. काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी रेघांची चित्रं असलेल्या गोष्टी निवडा. गडद रंगांत रंगवलेलं पान झेरॉक्समध्ये नुसतं काळं येतं आणि त्यावरचा मजकूर त्यातच बुडतो. शेवटचं श्रेयाचं पान काढून टाकू नये. फुकट वापरायच्या परवान्याची अटच ती आहे.

सलग वाचू लागलेल्या मुलाला मालिका द्याव्यात. एक पुस्तक आवडलं की त्याच मुलाची पुढची करामत वाचायची असते, आणि वेग तिथेच वाढतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे ही दोन नावं जुनी आहेत, पण या कामाला अजून पहिली तीच. बोक्या आधी द्या. त्याचे भाग एकेका प्रसंगाचे आहेत, भाषा बोलण्यातली आहे, आणि संच राजहंस प्रकाशनचा असल्यामुळे मागवायला सोपा. या पुस्तकाला २०११ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेला आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पळतो जास्त, पण त्याच्या काळातलं पुणं, तेव्हाचे शब्द, तेव्हाच्या मुलांची बोलण्याची ढब आजच्या मुलाला थोडी समजावून द्यावी लागते. पहिली दोन प्रकरणं रात्री वाचून दाखवली की पुढचं मूल स्वतः वाचतं.

नव्यांपैकी संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२ चा बालसाहित्य पुरस्कार) आपल्याकडच्या मुलींना आवर्जून द्यावी. वहीतल्या नोंदींचं पुस्तक असल्यामुळे मजकुराचे तुकडे छोटे आहेत, कुठेही थांबता येतं, आणि वाचून झाल्यावर मुलं स्वतःची वही लिहायला घेतात. ज्यांचं मराठी लेखन शाळेत होतच नाही त्यांच्यासाठी हा मोठा फायदा. सोबत एक दोनशे पानी वही त्याच दिवशी घेऊन द्या. आठवड्यानं दिलेल्या वहीचा उपयोग होत नाही. सलीम मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला हाच पुरस्कार २०१९ ला मिळाला. खानापूर, कणकुंबी, लोंढ्याकडच्या मुलांना जंगल रोजचं आहे, त्यांना हे आधी द्यावं. रहस्य आवडणाऱ्यांसाठी भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४ चा बालसाहित्य पुरस्कार) आहे. ही कादंबरी आहे, म्हणून बोक्याचे तीन-चार भाग पचलेल्या मुलालाच द्यावी.

कवितांना पालक हातच लावत नाहीत, पाठांतराच्या स्पर्धेपुरतं बघतात. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी कवितेइतकं सोयीचं दुसरं काही नाही: ओळ छोटी, यमकामुळे पुढचा शब्द अंदाजानं येतो, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे नजर बसते. एकनाथ आव्हाड यांचं 'छंद देई आनंद' (२०२३) आणि सुरेश सावंत यांचं 'आभाळमाया' (२०२५) हे दोन्ही पुरस्कारप्राप्त संग्रह आहेत. आणि बेळगावच्या घरात इंदिरा संतांची 'गवतफुला' मुलांच्या तोंडी नसेल तर ती आधी यायला हवी, बाई इथल्याच.

मासिकांत बालभारतीचं 'किशोर' अजूनही पैशाला पुरून उरणारं आहे. नोव्हेंबर १९७१ पासून निघतं, आणि जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. कर्नाटकातल्या मराठी शाळांना पाठ्यपुस्तकं इथल्या शासनाची असल्यामुळे बालभारतीच्या गोष्टी-कविता आपल्या मुलांपर्यंत पोचतच नाहीत. ती उणीव या अंकांनी बऱ्यापैकी भरून निघते. साठ-सत्तरीतल्या आजोबांना जुने अंक दाखवले तर तेच नातवंडांना वाचून दाखवतात. अगदी छोट्यांसाठी 'चिकूपिकू' आहे. त्यात ऐकायच्या गोष्टीही असतात, म्हणून वाचता न येणाऱ्या मुलालाही पान उलटायला कारण मिळतं. दहाच्या पुढच्यांसाठी 'वयम्' चांगलं.

आठवी ते दहावीच्या मुलांची निवड सगळ्यात कठीण. इंग्रजीतल्या जाड मालिका ही मुलं वाचतात, मग मराठीतलं पोरकट वाटतं. मोठ्यांच्या कादंबऱ्या घेतल्या तर भाषा जड. या वयाला पहिलं पुस्तक 'तोत्तोचान' द्यावं. तेत्सुको कुरोयानागी यांच्या शाळेच्या आठवणी, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा, प्रकाशक नॅशनल बुक ट्रस्ट, त्यामुळे किंमत आवाक्यातली. ट्रस्टनं हे कन्नडमध्येही काढलं आहे. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा, डब्यात 'समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी' आणायला सांगणारे मुख्याध्यापक, पोलिओ झालेल्या मित्राला झाडावर चढवणारी मुलगी. प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत, रोज एक वाचलं तरी चालतं. मुलं अडतात ती जपानी नावांशी. एका जाड कागदाच्या पट्टीवर कोबायाशी (मुख्याध्यापक), यासुआकी-चान (पोलिओ झालेला मित्र), रॉकी (कुत्रा) अशी पाच-सहा नावं लिहून ती खूण म्हणून पुस्तकात ठेवा. मुलं सहसा चौथ्या-पाचव्या प्रकरणाशी पुस्तक सोडतात, आणि ते याच कारणानं. शेवटाकडे युद्ध येतं आणि शाळा जळते. हळव्या मुलाला ते एकट्याला वाचायला लावू नये.

दुसरं, वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर' (पहिली आवृत्ती १९८१, राजहंस). गुलामीत जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो आणि भुईमुगावर आयुष्यभर काम करतो, ही गोष्ट शेंगा पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला सांगावी लागत नाही. चरित्र असून वेग कादंबरीचा आहे. बक्षीस म्हणून हे पुस्तक फार वाटलं जातं, त्यामुळे घेण्याआधी घरच्या, शेजारच्या कपाटात बघा.

'बनगरवाडी' (व्यंकटेश माडगूळकर, १९५५) नववीनंतर. अथणी, रायबागच्या कोरडवाहू भागातल्या मुलांना मेंढरं, दुष्काळ, एका खोलीची शाळा हे परकं नाही. बोली माणदेशी आहे, त्यामुळे पहिली दहा पानं कुणीतरी मोठ्यानं वाचावीत. कानाला पडली की मग डोळ्याला सोपी जाते. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' विज्ञानाची ओढ असलेल्यांना द्यावं. कथा सुट्या आहेत, एका बैठकीत एक होते.

आणि जी. ए. कुलकर्णी. हा माणूस चिकोडीकडच्या एकसंब्यात जन्मला, बेळगावात शिकला, धारवाडला शिकवलं, आणि आपल्याच भागातल्या मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं. त्यांच्या कथा शाळकरी मुलांना देऊ नयेत, त्यासाठी वय लागतं. पण 'बखर बिम्मची' पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवावी. स्वतः वाचायला देऊ नये, त्यातली गंमत मोठ्याच्या आवाजात येते. दहावी-अकरावीच्या मुलासाठी त्यांनी केलेला कॉनराड रिक्टरच्या कादंबरीचा अनुवाद, 'रानातील प्रकाश', शोधून आणावा. आदिवासींमध्ये वाढलेल्या गोऱ्या मुलाला जबरदस्तीनं त्याच्या जन्मदात्यांकडे परत पाठवतात आणि तो दोन्हीकडे उपरा ठरतो. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी अशा मुलांना हे पुस्तक ज्या ठिकाणी लागतं, तिथे दुसरं कुठलं लागत नाही. मराठी दाट आहे. पन्नास पानं धीर धरावा लागतो.

घरात वेगवेगळ्या वयाची मुलं असतील, किंवा वाचनालयासाठी एकच संच घ्यायचा असेल, तर 'वाचू आनंदे' घ्या. बालगटाचे दोन, कुमारगटाचे दोन भाग. कथा, कविता, चरित्रं यांतले वेचे चित्रांसकट. आवडलेल्या वेच्यावरून पुढचं अख्खं पुस्तक कोणतं आणायचं ते ठरवता येतं.

आता न घेण्यासारखी. विदेशी अभिजात कादंबऱ्यांचे शंभर पानांतले 'सुबोध संक्षिप्त' अनुवाद बहुतेक घेऊ नयेत: अनुवादकाचं नाव नाही, अक्षर बारीक, आणि कापाकापीत गोष्टीचा सांधाच तुटलेला असतो. पुस्तकात अनुवादकाचं नाव छापलेलं नसेल तर ते खाली ठेवा. शेवटी चौकटीत 'तात्पर्य' छापलेल्या बोधकथा मुलं तात्पर्यापासून वाचतात आणि गोष्ट सोडतात. अक्षरजुळणीही तपासा. 'दुसऱ्या'तला र रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढला असेल, तर आत आणखी चुका असणार. दिल्लीकडे छापलेल्या काही पुस्तकांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. सराईत वाचकाला जाणवत नाही, पण नवशिका 'ल'शी थांबतो. अशी पुस्तकं दुसऱ्या पायरीपासून पुढे चालतील.

मिळवायचं कसं? बेळगावातल्या दुकानांत शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला वह्या-गाइडांची गर्दी असते, तेव्हा मुलांच्या पुस्तकांबद्दल विचारून उपयोग नाही. ऑगस्टनंतर जावं, आणि नाव, लेखक, प्रकाशक तिन्ही लिहून द्यावं. नुसतं नाव सांगितलं की भलतंच येतं. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. हिवाळ्यात उचगाव, येळ्ळूर, कडोलीसारख्या गावांतून साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या स्टॉलवर मुलाला स्वतः निवडू द्यावं. सकाळी लवकर पोचावं, दुपारनंतर मुलांची पुस्तकं उरत नाहीत. प्रकाशकाकडून टपालानं मागवताना 'ज्ञान पोस्ट'नं पाठवा असं सांगा. मे २०२५ पासून टपाल खात्याची ही पुस्तकांसाठीची सेवा आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जमिनीवरच्या वाहतुकीनं येतं, म्हणून वाढदिवस तोंडावर असेल तर कुरिअर बरं. ठरावीक काळानं निघणारी मासिकं आणि दिवाळी अंक यातून जात नाहीत. वाचनालयानं चार घरांची मागणी एकत्र करून पाच किलोचं एक पार्सल मागवलं तर एका पुस्तकामागे खर्च अगदी थोडा पडतो.

पुस्तकं आली की पावसाचा विचार करावा लागतो, खानापूरकडे तर विशेष. पिनांची पुस्तकं दोन पावसाळ्यांत गंजतात, गंज कागद खातो आणि मधली पानं निखळतात. गोंदाच्या बांधणीची पुस्तकं उलटी ताणून उघडली की पाठ फुटते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, उघडीप पडली की दारं उघडी टाका, ओल्या पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, ओल आत कोंडून बुरशी धरते. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर तो पूर्ण वाळलेला हवा. पातळ पुस्तकांच्या पिना पहिल्या पावसाआधीच काढून दोऱ्यानं शिवून घेणं उत्तम. पुस्तक मधोमध उघडून घडीवर टोच्यानं तीन भोकं पाडायची: एक मध्यावर, दोन वरच्या-खालच्या कडेपासून साधारण साडेतीन सेंटिमीटर आत. दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीच पट, जाड सुती, मेणबत्तीवर घासलेला. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतून सरळ खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. मध्यावरून जाणाऱ्या उभ्या दोऱ्याच्या दोन बाजूंना दोन टोकं घेऊन त्यावर घट्ट गाठ मारायची. गाठ आतच राहायला हवी. बाहेर आली तर मुलं ती ओढून उसवतात.